किती दिवस राहणार?

स्वप्निलचं नाटक बसवायला घेऊन महिना होत आला होता आणि अख्खं नाटक एका वाक्यापाशी अडून बसलं होतं. वाक्य विभावरीकाकूंचं होतं. तसं काही पल्लेदार नव्हतं, अवघे तीन शब्द. "किती दिवस राहणार?"

नाटक होतं अफगाणिस्तानावर. जबलपूरच्या मराठी मंडळात अफगाणिस्तान कुठून उपटला, असं मंडळाच्या अध्यक्षांनीही विचारून पाहिलं होतं. दरवर्षी आपलं एखादं हसतंखेळतं नाटक व्हायचं, मग मसालेभात, मग आपापल्या घरी. पण स्वप्निल रांझीच्या कारखान्यात नोकरीला होता. रोज लष्कराच्या गाड्या जोडणाऱ्या माणसाला कधीतरी प्रश्न पडणारच की या गाड्या कुठे जातात आणि परत कशा येतात. त्याने रात्री जागून नाटक लिहिलं आणि कोणाचंही न ऐकता बसवायला घेतलं.

काबूलच्या बाजाराचा एक कोपरा. तिथे तंदूरपाशी बसून नान विकणारी एक म्हातारी, म्हणजे काकू. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत ती जागची हलत नाही, आणि मधे पावणेदोनशे वर्षं उलटली तरी म्हातारीच राहते. आधी लाल डगल्यातला इंग्रज अधिकारी येतो. म्हणतो, तुमच्या गादीवर आमचा शाह बसवला की निघालो. मग रशियन येतो. म्हणतो, मित्राने बोलावलं म्हणून आलो, त्याचं बस्तान बसलं की जाईन. शेवटी अमेरिकन. काम संपलं की एक दिवस जास्त थांबणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हातारी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, उत्तर ऐकून "बरं" म्हणते आणि हातात नान ठेवते. "घेऊन जा. वाटेत लागेल."

तिन्ही परकी माणसं एकटा अक्षतच करायचा, फक्त टोपी बदलून. बँकेत नोकरी करणाऱ्या या मुलाला मराठी समजायचं सगळं, पण बोलायला लागला की हिंदीच्या चिखलात पाय रुतायचा. स्वप्निलने त्याला मुद्दाम घेतलं होतं. परक्या माणसाची मराठी अशीच पाहिजे, असं तो म्हणाला, आणि अक्षतला ती शाबासकी वाटली.

अडचण अक्षतची नव्हती.

"काकू, थांबा, थांबा!" स्वप्निल कपाळाला हात लावून उठला. "तुम्ही काहून इतकं गोड बोलून राहिल्या त्याच्याशी?"

"गोड कुठे बोलले रे? तू लिहिलंस तेच बोलले."

"अहो, तो फौज घेऊन आला आहे तुमच्या दारात! किती दिवस राहणार म्हणजे चालता कधी होणार, असं विचारायचं आहे तुम्हाला. आणि तुम्ही तर त्याला पाट मांडून जेवायला बसवून राहिल्या यार!"

सगळे हसले. काकूही हसल्या, पण वाक्य काही सुधारेना. जोरात म्हणून पाहिलं, दातओठ खाऊन म्हणून पाहिलं. शेवटचा शब्द आला की आवाज आपोआप मऊ पडायचा. एकदा तर स्वप्निल समजावून सांगत होता की अमेरिकन इथे वीस वर्षं ठाण मांडून बसले, तेव्हा काकूंच्या मनात पटकन येऊन गेलं, वीस वर्षं! कोणीतरी वीस वर्षं राहिलं! आलं तेव्हाच त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. स्वारी कशाला म्हणतात आणि पाहुणचार कशाला, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण नेपियर टाउनमधल्या त्यांच्या घरात संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. अशा घरात राहणाऱ्या बाईने येणाऱ्याला दटावून विचारायचं तरी कसं?

आणि हे वाक्य तर त्यांनी जिभेवरून पुसून टाकलं होतं. त्यालाही कारण होतं. यजमान अच्युतराव गेल्यानंतर मुलगा अंबरीश पहिल्यांदा बंगळूरहून आला, तेव्हा दारातच त्यांनी विचारलं होतं, "किती दिवस राहणार रे?" साधं विचारलं होतं. दूध किती घ्यायचं ते ठरवायला. अंबरीश वैतागला. "आई, आत तरी येऊ दे. आल्या आल्या जाण्याचं काय विचारतेस?" त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. विचारायचं नाही. मग त्या त्याच्या सामानाकडे बघायला शिकल्या. नुसती लॅपटॉपची बॅग म्हणजे एक रात्र. पाठीवरची सॅक म्हणजे शनिवार-रविवार. चाकांची मोठी बॅग म्हणजे आठवडा. मोठी बॅग अच्युतरावांच्या वर्षश्राद्धानंतर त्यांना दिसली नव्हती.

या खेपेला तो खास नाटकासाठी येणार होता. काकूंनी फोनवर भीत भीतच सांगितलं होतं आणि तो चक्क हो म्हणाला होता. "तू स्टेजवर? येणार म्हणजे काय, येणारच." काकूंनी ते वाक्य आठवडाभर उराशी धरून ठेवलं. त्यांना टाळ्या नको होत्या, बक्षीस नको होतं. आपण या गावात अजून आहोत, चालतो-बोलतो, चार माणसांत उभे राहतो, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि पाहून झाल्यावर जरा थांबावं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी गाडी दाराशी उभी राहिली आणि अंबरीशने डिकीतून चाकांची मोठी निळी बॅग काढली. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काही विचारलं नाही. आत जाऊन दूधवाल्याला फोन केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भैया, कल से एक लीटर. पूरे हफ्ते."

संध्याकाळी मंडळाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. पत्र्याच्या पिंपाचा तंदूर, त्यात लाल दिवा. नान मात्र खरे होते. काकूंनी सकाळी घरी तव्यावर भाजून आणले होते. पुठ्ठ्याचे नान हातात धरवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. डोक्यावरून जाड शाल घेऊन त्या बसल्या आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्याच रांगेत, मधोमध, अंबरीश.

इंग्रज आला. काकूंनी विचारलं, नेहमीसारखंच, मऊ. विंगेत स्वप्निलने डोळे मिटून घेतले. हिवाळा आला, बर्फाची पांढरी चादर स्टेजवर ओढली गेली आणि इंग्रजाची टोपी तिच्यावर एकटीच पडून राहिली. रशियन आला. काकूंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. तोही एक दिवस पुलावरून रणगाडे घेऊन परत गेला.

अमेरिकनाची एंट्री होती. अक्षत गॉगल लावून ऐटीत पुढे आला आणि दिवे मंद झाले. काळोख्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत एकच चेहरा उजळलेला दिसत होता. अंबरीश मान खाली घालून फोनवर टाइप करत होता. काकूंनी थोडी वाट पाहिली. तो टाइपच करत राहिला. शेजारच्या बाई त्याच्याकडे बघायला लागल्या, तरी त्याची मान वर होईना.

काकूंच्या आत काहीतरी तडकलं. हे काय? एवढ्या लांबून येऊन इथेही नाहीच का हा? त्या तंदूरपाशी ताठ उठून उभ्या राहिल्या. नाटकात उठायचं नव्हतं. अक्षत समोर होता, पण त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून थेट पहिल्या रांगेत गेली आणि तोंडून आवाज निघाला तो तंदूरवालीचा नव्हता. सहावी ब च्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला जागच्या जागी उभा करणारा आवाज होता.

"किती दिवस राहणार?"

सहावी ब मध्ये एके काळी अंबरीशही बसायचा, आणि त्याची आईच त्याची वर्गशिक्षिका होती. त्या आवाजासरशी तो खाडकन उभा राहिला. फोन मांडीवरून खाली पडला.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी. डुमन्याच्या विमानतळावरून... सकाळचंच विमान आहे, आई."

अक्षतच्या तोंडातलं उत्तर तोंडातच राहिलं. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे, काय नवीन काढलं आहे या स्वप्निलने!

काकूंना तेव्हा काही वाटलं असेल तर एवढंच, की निळी बॅग खोटी होती. पुढचं वाक्य काय, हे क्षणभर आठवेना. मग आठवलं. महिनाभर घोकलेलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

तंदूरवरून नान उचलून त्या चालत स्टेजच्या कडेपर्यंत आल्या. वाकल्या. हात पुढे केला.

"घेऊन जा. वाटेत लागेल."

अंबरीश पुढे आला आणि दोन्ही हातांनी नान घेतला. टाळ्या अशा पडल्या की पुढचे दोन संवाद कोणाला ऐकूच गेले नाहीत. अमेरिकन कधी आला आणि कधी गेला, याकडेही फारसं कोणाचं लक्ष राहिलं नाही.

घरी येताना दोघं रिक्षात बसले. मग अंबरीशच म्हणाला, "बॅग गीतांजलीची आहे. माझ्या सॅकची चेन तुटली." बायकोची बॅग. काकू म्हणाल्या, "छान आहे. चाकं चांगली आहेत." त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते त्यांना दिसत होतं. पण त्यांनी विचारलं नाही.

सकाळी टॅक्सी आली. बॅग डिकीत गेली, अगदी हलकी होती. फाटकाशी अंबरीश थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने न विचारता सांगितलं, "मे महिन्यात येतो, आई. पंधरा दिवस राहतो. नक्की."

इंग्रज असंच म्हणाला होता, रशियन असंच म्हणाला होता. फरक एवढाच की ते थोडे दिवस म्हणून वर्षानुवर्षं राहिले. काकूंच्या घरी हिशोब नेमका उलटा होता. तरी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना वाटलं, हा आत्ता तरी खरंच बोलतो आहे. त्याचंच त्यांना जास्त रडू आलं. ते त्यांनी टॅक्सी वळेपर्यंत धरून ठेवायचं ठरवलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

आत येऊन पाहतात तर ओट्यावर लिटरभर दूध. त्या ते तापवत उभ्या होत्या, तेवढ्यात स्वप्निलचा फोन आला. आनंदाने त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"काकू, कमाल केली तुम्ही! नागपूरवाले बोलावून राहिले आपल्याला. आणि ते पहिल्या रांगेतलं तसंच ठेवायचं. अंबरीशदादा काही प्रत्येक वेळी येणार नाही, दुसरा कोणीतरी बसवू खुर्चीत. संवाद पाठ करून घेतो त्याच्याकडून. उद्या सकाळी, विमान वगैरे. तेच ठेवू ना?"

दूध वर आलं. काकूंनी गॅस बारीक केला.

"नको," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत म्हणू दे त्याला."

"रविवारपर्यंत?" स्वप्निल गोंधळला. "पण काकू, तो जर राहून राहिला, तर मग नान कशाला देणार तुम्ही?"

"राहतो आहे म्हणूनच ना," काकू म्हणाल्या. "जेवायला नको का त्याला?"