ताईच्या खिडकीतला चौक

"दिवा लावायचा नाही म्हणजे नाही, ताई," कॅमेऱ्याच्या तिपाईचा स्क्रू आवळत त्याने बजावलं.

"बरं, उजेडमास्तर," पलंगावरून ताई म्हणाली.

थोरली बहीण ती. घरात ही दोनच माणसं, आणि चौकावर उघडणारी खिडकी नेमकी तिच्या खोलीत. एका कंपनीला चौकातली अख्खी संध्याकाळ मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवलेली हवी होती, ऊन उतरल्यापासून पार दिवे लागेपर्यंत. समोरच्या दोन इमारतींच्या मधोमध सूर्य बुडतो असे दिवस वर्षात मोजकेच, त्यातलेही बरेच ढगांनी खाल्ले होते. आज आभाळ स्वच्छ होतं आणि उद्यापासून सूर्य इमारतीआड जाणार होता. आजची संध्याकाळ चुकली की काम हातचं गेलंच.

खोलीत दिवा लागला की खिडकीच्या काचेत पलंग-कपाट उमटणार आणि सगळी मेहनत पाण्यात. लाकडी जमीन पावलागणिक थरथरायची, म्हणून चालायलाही बंदी. ताईला हे नवं नव्हतं. याच्या पायी अंधारात बसून बसून माझं घुबड झालंय, असं ती शेजारणींना हसत सांगायची. कॅमेरा सुरू करून तो खाली गेला आणि चहाचा कप हातात धरून आभाळाकडे बघत राहिला. तिला बाथरूमला जायचंय का, एवढं साधं विचारायचंही मेल्याला सुचलं नाही.

पुरता काळोख झाल्यावर तो खुशीत वर आला. खोलीच्या टोकाला, बाथरूमच्या ओल्या फरशीवर ताई पडली होती. पाय भलतीकडेच वळलेला, ओठ चावून रक्ताळलेले.

"हाक का नाही मारलीस गं?"

"तू धावत आला असतास. जमीन हलली असती." तिने दम खाल्ला. "झालं का तुझं?"

ऑपरेशन झालं, पण ताई काही उठली नाही. पडून पडून छातीत कफ साठला आणि त्यातच ती गेली.

पुढे कंपनीत मोठ्या पडद्यावर फिल्म लागली. उजेड काय अलगद उतरलाय, कुठे एक धक्का नाही, असं म्हणत साहेबांनी ती पुन्हा लावायला सांगितली. तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. ऊन सरलं, आभाळ जांभळं झालं. याच सुमाराला कधीतरी ती पडली होती. पडद्यावर काहीच हललं नाही. चौकातल्या दुकानांचे दिवे एकेक करून लागत गेले.