मागे जोडायची गाडी

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे चारही चाकांवर ओढत न्यायची छोटी गाडी मोरेश्वरनं आठ महिने पारखून निवडली. एकतीस गाड्यांची एक्सेल शीट केली, मॅन्युअलं पाठ केली. न्यूट्रलमध्ये ओढूनही गिअरबॉक्स जळणार नाही अशी गाडी घेतली, तिला पुढून ओढायचा दांडा बसवला, मागच्या दिव्यांचं वायरिंग केलं.

येलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानाला निघायच्या सकाळी त्याच्या बायकोनं, उल्कानं, नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून नारळ फोडला. तेवढ्यात त्यांच्या शॉमबर्ग गावातल्या मराठी मंडळाचे श्रीरंगकाका चहा पिता पिता म्हणाले, "कोरी गाडी दारातून ओढत नेणार? बंद पडल्यासारखी?"

मोरेश्वरचा अपशकुनावर काडीचा विश्वास नव्हता. पण काका फोटो काढत होते आणि मंडळाच्या ग्रुपवर चारशे माणसं होती. त्यानं मुकाट्यानं दांडा काढून घरी ठेवला.

मग चौदाशे मैल तो मोटरहोम घेऊन पुढे आणि उल्का गाडी घेऊन मागे.

"उजवीकडे गवे बघ, काय सुंदर दिसतायत," तो फोनवर म्हणाला.

"मला सकाळपासून तुझ्या मोटरहोमचं बूड दिसतंय," उल्का म्हणाली.