हामूनकडे तोंड केलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी काट्यांची खिडकी आहे. हसू नका. तुमच्याकडे खिडकीला काच लावतात, इराणच्या पूर्व टोकाला, आमच्या सीस्तानात, काटे भरतात. झाऊच्या लाकडाची चौकट, तिच्यात ठासून भरलेली जवाशाची काटेरी झुडपं आणि तोंड वाऱ्याकडे, झाली खिडकी. उन्हाळा लागला की आमच्याकडे एकशेवीस दिवसांचा वारा सुटतो. माझ्यावर तांब्याभर पाणी मारलं की तोच तापलेला वारा माझ्यातून गार होऊन घरात शिरतो. गावात माझ्याइतकी गार खिडकी दुसरी नव्हती. हे मी म्हणत नाही, गाव म्हणायचं.

मला पुरदिलने घडवलं. तो कोळी. बोरूच्या पेंढ्या बांधून केलेली नाव घेऊन हामून तळ्यात जायचा. तळं तेव्हा आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर होतं. वारा आधी त्या पाण्यावरून यायचा, मग माझ्याकडे. खरं सांगायचं तर माझं अर्धं काम तळंच करून ठेवायचं. वाऱ्याला ओल्या बोरूचा आणि माशांचा वास असायचा. माझ्यासमोरची चटई म्हणजे घरातली मानाची जागा. पाहुणा आला की त्याला तिथे बसवायचं, नवी सून आली की तिला. पुरदिलची सून शहरबानू लग्न होऊन आली, तेव्हा पहिला अख्खा उन्हाळा तिथून तिला कोणी उठू दिलं नाही. काय दिवस होते ते!

मग पावसाने पाठ फिरवली. वरच्या अंगाला, सरहद्दीपलीकडे, तळ्याला मिळणाऱ्या नदीचं पाणीही अडवलं गेलं. हामून आधी मागे सरकला, मग डबक्या-डबक्यांत तुटला आणि एका वर्षी नुसता तडकलेला चिखल उरला. भुकेल्या गुरांनी बोरू मुळापासून खाल्ला. त्या मुळांनीच तर माती धरून ठेवली होती. मुळं गेली, माती मोकळी झाली. वाऱ्याला आणखी काय हवं? तो वेळेवर आला, नेहमीच्या वाटेने आला आणि येताना तळ्याचा तळ उचलून घेऊन आला.

ती धूळ पिठासारखी बारीक आणि खारट होती. तिच्यात माशांचे खवले असायचे, शिंपल्यांचा चुरा असायचा. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. कधीकधी त्या अंधारात बदकांचा कलकलाट ऐकू यायचा. बदकं तर केव्हाच गेली होती. तरी पुरदिल ताडकन उठून बसायचा. मीही ऐकलाय तो आवाज. वाऱ्याने काटे एकमेकांवर घासतात, त्याचा असेल. असेलच.

पुरदिलचा मुलगा सिकंदर कामासाठी दूरच्या गुरगान शहरी गेला आणि सगळे इकडे या म्हणून निरोप धाडू लागला. म्हातारा काही ऐकेना. म्हणायचा, "तळं परत आलं आणि घरात कोणी नसलं तर?"

"बाबा, तळ्याला तुमचं घर ठाऊक आहे," शहरबानू भाकरी भाजता भाजता टोमणा मारायची. "बसेल की थोडा वेळ पायरीवर."

पण तिची लेक गोलनार वारा सुटला की खोकत राहायची. शेजाऱ्यांनी आपापल्या काट्यांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. आपणही बुजवू या, असं तिने सासऱ्याला परोपरीने विनवलं.

पुरदिल भडकला. "मेलेल्याचे डोळे मिटतात, पोरी. तळं अजून मेलेलं नाही."

त्याला वाटायचं, काटे चांगले भिजवले की धूळ त्यांतच अडकेल. टँकरचं मोजकं पाणी यायचं, त्यातलं स्वतःच्या चहाचं पाणीही तो माझ्यावर ओतायचा. आणि गोलनार तर त्याचा जीव की प्राण! मग तिला झोपवायचं कुठे? माझ्यासमोर, सगळ्यांत गार जागी. जाडी धूळ माझ्या काट्यांत चिखल होऊन बसायची. बारीक धूळ मला कधीच अडवता आली नाही, ती सरळ आत जायची. पोर गार वाऱ्यात छाती भरून श्वास घ्यायची.

एका वादळात तिचे ओठ निळे पडले. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला जाबुलच्या दवाखान्यात नेलं. तिथे काय झालं ते मी शहरबानूच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरने विचारलं, मूल घरात कुठे झोपतं? पुरदिल छाती पुढे काढून सांगू लागला, घरातल्या सगळ्यांत चांगल्या जागी, खिडकीसमोर... आणि मध्येच थांबला.

पोर वाचली. घरी आली तेव्हा तिच्या श्वासाला शीळ लागली होती. पुरदिल माझ्याजवळ आला. माझ्या चौकटीवरची धूळ त्याने बोटाने पुसली आणि जिभेला लावली.

"शहरबानू," तो म्हणाला, "मी हामूनची वाट बघत बसलो होतो. तो तर रोज येत होता गं. पोरीच्या छातीत जाऊन बसत होता."

तिने सासऱ्यासाठी पाण्याचं भांडं आणून ठेवलं. त्याने ते प्यायलं नाही. त्याच पाण्यात दारातली धूळ कालवून त्याने चिखल केला आणि मला बाहेरून विटांनी बुजवलं. शेवटची वीट बसवताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. थोड्याच दिवसांत सगळे गुरगानला गेले, म्हातारासुद्धा.

आता वाळू छपरापर्यंत चढली आहे. मी भिंतीत चिणलेली, काटे पोटात घेऊन उभी आहे. दर उन्हाळ्यात ते तळं येतं, विटांवर थापा मारतं, फटी चाचपतं. आत कोणी नाही, हे मी त्याला कसं सांगू?

मित्रांनो, तुमच्या गावाशेजारी तळं असेल, नदी असेल, तर ती जिवंत आहे तोवर जपा. तिच्या काठचं गवत उपटू नका, तिचं सगळं पाणी ओढून घेऊ नका. माणूस मेला तर त्याला मातीत पुरता येतं. तळं मेलं तर ते स्वतःच माती होऊन उठतं आणि ज्यांच्यावर त्याचा जीव होता, त्यांचीच घरं शोधत फिरतं.