ओव्हनच्या दाराची काच

कार्तिकातली सुवर्णपीत दुपार वाशिष्ठीच्या संथ पाण्यावर सांडली होती. कापलेल्या भातखाचरांवरून कोरडा, सोनसळी वारा येत होता, आणि चिपळुणातल्या एका स्वयंपाकघरात कुमुदिनीबाई नानखटाया वळत होत्या. केतकी येणार होती. त्यांची एकुलती एक लेक, रुसून नव्हे, हाकलली जाऊन गेलेली लेक, आज तासाभरासाठी येणार होती.

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाईंनीच तिच्या तोंडावर दार लावलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या अंधारात गेल्या. केतकीने पहिल्या पगारातून आणलेला विजेचा ओव्हन तेव्हापासून माळ्यावर खोक्यातच पडून होता. आज तो खाली उतरला. नानखटाई म्हणजे केतकीचा जीव की प्राण. ती नीट साधली तर बोलणंही निघेल, अशी एक भाबडी, वेडी आशा.

ताटली आत सरकवून बाईंनी खटका दाबला. पोलादी नळीच्या पोटात, धग बाहेर सोडणाऱ्या पण विजेचा झटका आतच अडवणाऱ्या शुभ्र भुकटीच्या कुशीत, वेटोळी घालून निजलेली तार जागी झाली. वीज धावत आली, तारेने तिची वाट अडवली. अडलेल्या विजेची धग झाली, आणि त्या धगीने काळी नळी जास्वंदी झाली. बाईंचा चेहरा उजळला.

आणि मग ती लाली विझली.

ठरलेली धग भरली की ओव्हन आपणच वीज तोडतो, धग उतरली की पुन्हा जोडतो. पण बाईंचा जन्म चुलीपुढे गेलेला. लाल दिसतो तो विस्तव, काळा पडला की मेला, एवढंच त्यांना ठाऊक. चुलीला फुंकर घालावी तसं त्यांनी बटण पुढे फिरवलं. नळी पेटली, विझली. पुन्हा फिरवलं. पेटली, विझली. पुन्हा, पुन्हा, बटण शेवटच्या आकड्याला टेकेपर्यंत.

केतकी आली ती जळकट वासातच. शेवटच्या आकड्याला टेकलेलं बटण बघून तिने झटकन खटका बंद केला, ओव्हनचं दार उघडलं. नानखटायांचे कोळसे झाले होते.

"अगं आई, ही नळी मधूनमधून विझायचीच. विझली तरी आत धग असते. जरा धीर धरायचा."

कुमुदिनीबाईंच्या ओठांवर इतक्या वर्षांचं सगळं आलं. "माझंही तसंच होतं गं, बाळा. वरून विझलेली दिसले. आत तुझी माया होतीच."

केतकीने ती काळी ताटली बाहेर काढून ओट्यावर ठेवली आणि ओव्हनचं दार लावलं.

"ह्याच्या दाराला काच आहे, आई. तुझ्या दाराला नव्हती. कितीदा येऊन बाहेरूनच परत गेले मी. मला काय दिसणार होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती घोटभर पाणी प्यायली, वाकून पाया पडली आणि निघून गेली.

सांज उतरली. वाशिष्ठीवरचं सोनं काळवंडलं. निवता निवता नळी टिक्‌टिक्‌ वाजत होती. बाईंनी काचेवर तळवा टेकला. काच अजून ऊबदार होती. हात न काढता त्या तशाच बसल्या, आणि काच गार पडली तरी बसूनच राहिल्या.