गुहेचा डाव

बाबांना कोण नेणार, हा विषय माझ्या तिन्ही भावांनी जेवणापासून टाळत आणला होता. बाबांचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं मीच करते. आता पहिल्या तारखेपासून कपड्यांच्या कारखान्यात मला कटिंगचं काम मिळत होतं. ते हातचं गेलं तर माझ्या वयाच्या बाईला दुसरं कोण देणार? भावांचं लक्ष मात्र घड्याळाकडे.

"चिठ्ठ्या टाकू," मोठा म्हणाला. तो वकील. याने टाकलेल्या चिठ्ठ्या मी उचलणार, झालंच! मी माळ्यावरून लहानपणीचा खेळ काढला.

"यावर ठरवू. तुमच्यातला एक जरी गुहेतून सुटला, तर बाबा माझ्याकडे. तिघेही मेलात, तर आळीपाळीने न्यायचं."

तिघेही हसले. "ताई, तू कधी जिंकली आहेस का?" मधला म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान आहे.

खरंच होतं ते. या खेळात तिघे एकीकडे आणि एकटी गुहा एकीकडे. तिघांना सोंगट्या: योद्धा, वैद्य आणि चोर, प्रत्येकाची करामत वेगळी. शेवटच्या दालनातला मुकुट घेऊन कुणीही एक बाहेर पडला की तिघेही जिंकले. गुहेला सोंगटीच नसते. तिने दालनांचे पुठ्ठे पालथे मांडायचे, सापळ्यांचे नि भुतांचे पत्ते हातात धरायचे आणि वाट बघायची. जखम भरायला कुणी थांबला, की गुहेला नवा पत्ता. गुहा व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून ती कायम माझ्या गळ्यात. त्यात धाकटा, आमचा चिमण्या, हरला की रडून घर डोक्यावर घ्यायचा. म्हणून चांगले पत्ते मी मांडीखाली दडपायचे.

आज एकही दडपला नाही.

वकिलाचा योद्धा दिसेल ती पेटी उघडत सुटला आणि दिसेल त्या सापळ्यात अडकला. मधल्याचा वैद्य स्वतःच्याच जखमा भरत बसला.

"अरे, मला बघ की!"

"तुझं तू बघ. पेट्या उघडताना मला विचारलं होतंस?"

ते थांबत गेले, माझ्या हातातले पत्ते वाढत गेले. योद्ध्यावर मी भुतं सोडली. वैद्याच्या पायाखालची फरशी काढून घेतली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. इतक्या वर्षांचा राग होता तो.

राहिला चिमण्याचा चोर. तो मुकुट घेऊन दाराशी पोचला, आणि माझ्या हातात छत कोसळण्याचा पत्ता होता. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं.

"ताई, नको ना गं. एकच खोली आहे माझी, त्यात बाळ तान्हं."

त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय. मी पत्ता टाकला.

तेवढ्यात आतून बाबांची हाक आली. मी सवयीने उठले आणि परत खाली बसले. "जा कुणीतरी."

चिमण्या गेला आणि लगेच बाहेर आला. "बाबा विचारतायत, ताई जिंकली का."

आतलं दार सताड उघडं होतं. बाबांचं अर्धं अंग गेलंय, कान शाबूत आहेत, हे आमच्या चौघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिघे माझ्याकडे बघायला लागले. ताई आता विरघळणार, याची त्यांना खात्रीच होती.

"जिंकली म्हणून सांग," मी म्हणाले.

तो जागचा हलेना. शेवटी मीच आत गेले.

"जिंकले, बाबा."

"बरं झालं," ते अडखळत म्हणाले. "सुटलीस, पोरी." आणि चालत्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. बाहेर भाऊ खोक्यात सोंगट्या भरत होते. मी हात हलकेच सोडवायला गेले, तर त्यांनी तो आणखी घट्ट धरला.