गावाच्या पैशाचा माइक

मित्रांनो, माझ्या अंगाचा काळा रंग आता बराच उडाला आहे आणि मानेला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. तरीही मी बोलतो, म्हणजे माझ्यातून माणसं बोलतात. निमगाव केतकीच्या शिवाराला लागून आमचं गाव आहे. त्या गावच्या छोट्या रेडिओ केंद्राचा मी माइक. माझ्या डोळ्यांदेखत, खरं तर माझ्या तोंडादेखत, जे घडलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखे कितीतरी भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. कुणी लग्नाच्या मांडवात गेला, कुणी कीर्तनात, कुणी पुढाऱ्यांच्या मंचावर. माझ्या वाट्याला आली आमच्या गावच्या सोसायटीच्या कचेरीवरची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. ते पाहून पहिल्यांदा मला हसूच आलं.

हे केंद्र उभं केलं रावजी तात्यांनी. पानमळ्यात आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी घरोघर फिरून सांगितलं, की प्रत्येक घरानं वर्षाला शंभर रुपये द्यायचे आणि त्यावर गावाचा रेडिओ चालवायचा. ग्रामसभेनं तसा ठराव केला. माझ्यासमोर बसायला संजीवनी आली. ती गावातलीच सून. आवाज स्वच्छ, बोलणं सरळ. बटणं सांभाळायला रतन होता.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. सकाळी डाळिंबाचे आणि भाजीचे बाजारभाव, मग कालव्याला पाणी कधी सुटणार, वीज कुठल्या वेळी राहणार. कुणाची शेळी हरवली तर तेही. एकदा गेणबांची हरवलेली म्हैस माझ्यामुळे शेजारच्या गावात सापडली, तेव्हा ते पेढे घेऊन वर आले. त्यांनी एक पेढा चक्क माझ्यापुढे ठेवला. मी खाऊ शकत नव्हतो, पण माझी छाती केवढी फुगली होती!

मग ती ग्रामसभा आली. सभेला लाउडस्पीकर लागतो, म्हणून मलाच खाली नेऊन चावडीसमोर उभं केलं. मानसिंगराव उठले. मोठे बागायतदार, रावजी तात्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ते माझ्यापाशी आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता समद्यांच्या हातात मोबाइल हाय. भाव, हवामान, गाणी, समदं फुकट येतंय. मग मी ह्या रेडिओला पैसं कशापायी द्यायचं? ज्याला ऐकायचंय त्यानं द्यावं. मी ऐकत न्हाय, मी देणार न्हाय."

माझ्याविरुद्धचं भाषण माझ्यातूनच गावभर गेलं. मी सुन्न झालो. पण खोटं काय बोलले होते ते? न ऐकणाऱ्यानं पैसे का द्यावेत?

तेवढ्यात दुसरी गोष्ट पुढं आली. गावाच्या वरच्या अंगाला अजितशेठ यांचा दूध गार करून टँकरनं पाठवायचा कारखाना होता. त्यांचा निरोप आला, की केंद्राचा सगळा खर्च मी करतो, गावानं एक रुपयाही देऊ नये.

टाळ्या पडल्या. रावजी तात्या काठी टेकत उठले. "मानसिंगराव, तुमचं म्हननं मला समजतंय. पर आज गाव पैसं देतंय, म्हनून गाव जाब इचारतंय. उद्या शेठ पैसं देतील, तवा जाब शेठ इचारतील. मग तुमच्या गरजेची गोष्ट त्यांना नको आसली, तर कोन सांगंल?"

"तात्या, शेठ काय परका हाय व्हय? तुमी उगा भ्या घालताय," मानसिंगराव हसून म्हणाले.

हात वर झाले. मी मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. ज्यांच्या जनावरांच्या, लग्नांच्या, दुखवट्याच्या बातम्या मी दिल्या होत्या, त्यांचेही हात वर होते. पेढा ठेवणाऱ्या गेणबांचाही होता. संजीवनी माझी वायर गुंडाळत होती.

पुढे काही महिने बरे गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खोलीला रंग लागला, पंखा आला. कारखान्याच्या जाहिराती वाढल्या एवढंच. मलाही वाटू लागलं, की तात्या उगाच घाबरले होते.

मग एका सकाळी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर धापा टाकत जिना चढून आल्या. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी तपासून आलं होतं. ते पिण्यासारखं नव्हतं. कारखान्यातल्या टाक्या धुतलेलं घाण पाणी ओढ्यात सुटत होतं आणि तिथून झिरपून विहिरीत उतरलं होतं. खालच्या वस्तीवरची सगळी घरं त्या विहिरीवर होती.

"गावाला लगेच सांग बाई," असं म्हणून सिस्टर तशाच वस्तीकडच्या दवाखान्याच्या गाडीला फोन लावायला धावल्या.

रतननं मात्र अजितशेठना फोन केला. माझ्या शेजारीच फोन होता, सगळं ऐकू आलं. शेठ म्हणत होते, "थांब जरा. दुसऱ्यांदा तपासू दे. उगाच बोभाटा नको. आज हे वाचायचं न्हाय."

संजीवनीनं रतनकडे पाहिलं. "लोकं ते पानी पित्यात, रतनदादा. आत्ता पित्यात." आणि ती माझ्याजवळ सरकली. "नमस्कार गावकऱ्यांनो. एक तातडीची सूचना. ओढ्याकाठच्या विहिरीचं..."

पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं. ते मी ऐकलं. पण गावानं ऐकलं नाही. रतननं माझं बटण खाली ओढलं होतं आणि गाणं लावलं होतं.

मित्रांनो, माइकाच्या आयुष्यात याहून भयंकर काही असेल असं मला वाटत नाही. माणूस माझ्यात जीव तोडून बोलतंय आणि माझ्या पलीकडे काहीच पोचत नाही! मी ओरडू शकत नव्हतो. संजीवनीच्या लक्षात आलं तेव्हा ती रतनकडे वळली. रतनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माजी नोकरी हाय गं," एवढंच तो म्हणाला.

ती चपला न घालता जिना उतरली. खालच्या वस्तीवर फोन लागत नव्हते, म्हणून घरोघर जाऊन सांगत सुटली. पण वस्ती लांबवर पसरलेली, घरं मळ्यामळ्यात. सगळ्यांत शेवटचं घर रावजी तात्यांचं होतं. ती पोचली तेव्हा दिवस मावळला होता.

त्या आठवड्यात वस्तीवरची बरीच माणसं उलट्या-जुलाबांनी इंदापूरच्या दवाखान्यात होती. बाकी सगळी घरी आली. रावजी तात्या आले नाहीत.

केंद्र बंद पडलं. रतननं काम सोडलं. विहिरीला टाळं लागलं आणि अधिकाऱ्यांनी कारखान्याचं पाणीही अडवलं. मी मात्र एका पोत्यात पडून राहिलो. त्या अंधारात मी फार विचार केला, पण कितीही विचार केला तरी घडलं त्यावर माझा विश्वास बसत नव्हता.

पुन्हा सभा भरली, तेव्हा मला बाहेर काढलं. या वेळी माझ्यासमोर तात्यांची सून भामाबाई उभी राहिली. ती आधी कधी चारचौघांत बोलली नव्हती.

"मामांचा रेडिओ चालू हुता," ती म्हणाली. "'विहिरीचं' म्हनून थांबला आन् गानं लागलं. मी म्हनलं, काय वो सांगत हुते? मामा म्हनले, आपल्या विहिरीचंच कायतरी हाय, गानं संपलं की सांगतील. ते रेडिओ मांडीवर घेऊन बसले. मदी तहान लागली म्हनाले. त्याच विहिरीचं पानी... मीच दिलं तांब्यानं."

त्या एका तांब्यानं तात्या गेले, की ते आधीच आजारी पडले होते, हे डॉक्टरही सांगू शकले नव्हते. कदाचित बातमी पोचली असती तरी ते वाचले नसते. पण ते वाट बघत बसले होते, हे कुणाच्यानं ऐकवेना.

मानसिंगराव उठले. त्यांना माझ्यापर्यंत यायला वेळ लागला. "मी आजबी रेडिओ फारसा ऐकत न्हाय," ते म्हणाले. "उद्याबी ऐकंन आसं न्हाय. पर मी पैसं देनार. ते बटन पुना एकट्याच्या हातात जाऊ नये म्हनून देनार."

सगळे तयार झाले असं नाही. काहींनी तेव्हाही हात वर केले नाहीत. पण पुरेसे झाले आणि मी परत त्या खोलीत गेलो.

आता शेवटची गोष्ट. गेल्याच आठवड्यातली. संजीवनीनं बातम्यांत वाचलं, की कालव्याला बेकायदा पाइप टाकून पाणी उचलणाऱ्यांत मानसिंगरावांचाही पाइप आहे. ज्यांनी केंद्राला परत उभं केलं, त्यांचंच नाव?

बातम्या अजून संपल्या नव्हत्या, मी चालूच होतो, तोच जिन्यावर जड पावलं वाजली. मानसिंगराव दारात उभे. डोळे लाल झालेले. "सूनबाई, मी पैसं देतो ह्या रेडिओला!"

"व्हय आबा," संजीवनी म्हणाली. ती खुर्चीवरून उठली नाही. "समदी घरं देत्यात. खालची वस्तीबी देती. तुमच्या पाइपानं त्यांचं पानी तुटतंय."

ते टेबलाजवळ आले. त्यांचा हात बटणापासून वीतभर अंतरावर होता. ते बटणाकडे बघत राहिले. मग हळूच खुर्ची ओढून खाली बसले.

"नाव वाचायच्या आदी मला इचारायचं तरी हुतं," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "माजं म्हननं काय हाय, तेबी लोकांनी ऐकाया नको?"

संजीवनीनं हातातला कागद खाली ठेवला. "चुकलं माजं, आबा. ते इचारायलाच पायजे हुतं. आत्ता सांगा." आणि तिनं मला त्यांच्यासमोर सरकवलं.

त्यांचा गरम श्वास माझ्यावर आला. सारं गाव तो नुसता श्वास ऐकत होतं.

"मी मानसिंग बोलतोय," शेवटी ते म्हणाले. "बातमी खरी हाय. बाग वाळत हुती म्हनून टाकला पाइप. उद्या काढतो."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, म्हणजे नुसती धूळ पुसा असं मी म्हणत नाही. तुमच्या गावात, तुमच्या शहरात जो आवाज सगळ्यांसाठी बोलतो, तो फुकट मिळाला म्हणून खूश होऊ नका. त्याच्या बटणावर बोट कुणाचं आहे, हे एकदा विचारा. त्या बोटांमध्ये तुमचंही एक असू द्या. आणि तुमच्याविरुद्धचं वाक्य माझ्यातून जात असेल, तेव्हाही ते पूर्ण होऊ द्या.