पाण्याखालची शाळा

चंद्रकलेला लहानपणापासून एकच स्वप्न पडायचं. हिरव्या, गढूळ उजेडात एक शाळा असायची. तिच्या भिंती हलक्या हलक्या डुलायच्या, पोरांचे केस शेवाळासारखे वर तरंगायचे, आणि फळ्याजवळ हातात खडू घेऊन ती स्वतः उभी असायची. ती बोलायची, पण तोंडातून आवाजाऐवजी बुडबुडे निघायचे. पोरांना मात्र सगळं कळायचं. जाग आली की ती कितीतरी वेळ अंथरुणातच पडून राही. बाहेर मुळशीच्या धरणाचं पाणी काठाला चुबुक चुबुक करत असे, आणि आपण पाण्याच्या अल्याड आहोत की पल्याड, हे तिला पटकन उमगत नसे.

जुनं गाव पाण्याखाली आहे हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धरण झालं तेव्हा लोक वर डोंगराच्या कुशीत सरकले. त्यांची पुढची पिढी त्याच पाण्यावर जगायला शिकली. चंद्रकलेचा बाप किसन होडी चालवायचा. पलीकडच्या वाड्यांमधली माणसं अलीकडे आणायची, अलीकडची पलीकडे सोडायची, असं त्याचं काम.

एकोणऐंशी साली चंद्रकला दहावी पास झाली. बौद्धवस्तीतली ती पहिलीच मुलगी. पौडला तेव्हा मुलींसाठी नवंच अध्यापिका विद्यालय निघालं होतं. दोन वर्षांचं डी.एड. केलं की शाळेत मास्तरीण होता येतं, एवढं तिच्या आईला, गोजराबाईला, कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर तिनं लेकीला नवं पातळ नेसवलं आणि मुलाखतीला नेलं.

मुलाखत घ्यायला प्राचार्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. शेजारी पाठ घ्यायला शिकवणारे ढमाले सर बसले होते. आधीच्या मुली देशाची सेवा, ज्ञानाचा प्रकाश असं काय काय पाठ करून आल्या होत्या. चंद्रकलेला यातलं काहीच आठवेना.

"शिक्षिका का व्हायचंय तुला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी रोज शिकवते, बाई."

"कुठं?"

"झोपेत."

ढमाले सर खाली मान घालून हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"काय शिकवतेस?"

"ते सकाळी आठवत नाही."

"मग आठवायला दोन वर्षं देऊ या हिला," बाई सरांना म्हणाल्या.

अशी ती आत आली. आत टिकणं मात्र निराळंच होतं.

पौडला राहायला खोली हवी होती. पहिल्या घरी नुसतं आडनाव विचारलं आणि खोली कालच दिली म्हणून सांगितलं. दुसऱ्या घरी तेच. शेवटी विहाराजवळ रत्नाबाई नावाच्या नर्सबाईंनी आपल्या घरातली मागची खोली दिली. वर्गातली अनुसया जवळच्या चांदे गावाहून रोज एस.टी.नं यायची. घर चांगलं शेतीवाडीचं. चार दिवस एस.टी. चुकली, तशी ती सरळ चंद्रकलेच्या खोलीत ट्रंक घेऊन आली. "तिकडं घरात काय म्हणतील?" चंद्रकलेनं विचारलं. "म्हणू देत. मला पाठ घ्यायचाय का एस.टी.मागं पळायचंय?" अनुसया म्हणाली, आणि ट्रंक भिंतीला लावून टाकली.

पहिला पाठ पौडच्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर होता. विषय होता पाणी. चंद्रकलेनं पाठाचं टाचण काढलं, चित्रं रंगवली, वाक्य न् वाक्य घोकलं. ढमाले सर मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. तिनं फळ्यावर नदी काढली आणि वळून म्हणाली, "मुलांनो, ही नदी हाय."

वर्ग खदखदून हसला. एक पोरगी तर बाकावर डोकं ठेवून हसत होती.

"आहे," मागून सरांचा आवाज आला. "शुद्ध बोला."

तिथून पुढे तिच्या तोंडून शब्दच फुटेना. नदी, ढग, समुद्र, सगळं फळ्यावर होतं, आणि ती त्यांच्यासमोर उभी होती. ओठ हलत होते. आपण झोपेत आहोत असंच तिला वाटलं. फरक एवढाच की इथल्या पोरांना काही कळत नव्हतं.

पुढचे पाठही तसेच गेले. ती वर्गात शिरायची, फळा चित्रांनी भरायची आणि तोंड न उघडता घंटेची वाट बघायची. वर्षाच्या शेवटी ढमाले सरांनी तिला बोलावलं. ते रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

"लेखी परीक्षेत तू पुढं आहेस," ते म्हणाले. "पण मुक्या बाईकडून पोरं काय शिकणार? जूनमध्ये शाळा उघडली की एक पाठ घे. तो झाला तर दुसरं वर्ष. नाहीतर थांबलेलं बरं."

मे महिन्यात ती घरी आली. त्या उन्हाळ्यात धरण फारच आटलं होतं. पाणी दूर दूर सरकत गेलं आणि तळाची माती भेगाळून वर आली. एक दिवस किसन म्हणाला, "चल, तुला जुनं गाव दावतो."

होडी तळाला टेकली तशी दोघं उतरून चालू लागली. चहूकडे राखाडी चिखल, वाळलेलं शेवाळ, मधे मधे शिंपले. घरांचे नुसते चौथरे उरले होते. उन्हाच्या झळांमध्ये ते सगळं गाव थरथरत होतं, जणू अजून पाण्यातच आहे. चंद्रकलेला पायाखालची जमीन खरी वाटेना.

एका लांबट जोत्यापाशी किसन थांबला. त्याला दोन पायऱ्या होत्या.

"ही शाळा. माझा बाप, तुझा आजा भिकू, हितं शिकला."

"आत?"

"आत कुटनं? हितं, पायरीच्या खाली. मास्तर आत बोलायचा, ह्यो भाईर बसून ऐकायचा. पावसात बी." किसननं खाली बोट दाखवलं, तिथं काहीच नव्हतं. "मी तर तेवढं बी न्हाई शिकलो. माझ्या येळंला हितं वर पाणी व्हतं."

मग तो पायऱ्या चढून जोत्यावर गेला आणि मधोमध मांडी घालून बसला.

"शिकीव."

"आबा, काय हे!"

"शिकीव म्हन्तोय ना. येवडं वरीसभर काय शिकलीस ते बगू दे."

चंद्रकला हसली, मग हसायची थांबली. ती वर गेली. फळ्याची भिंत जिथं असेल असं वाटलं तिथं उभी राहिली. वारा सुटला होता, आणि ऐकणारं दुसरं कुणीच नव्हतं.

"आबा, पाणी कुटनं येतं?"

"वरनं."

"वर कुटनं जातं?"

"ते काय मला ठावं? देव नेत आसंल."

"तुमचा देवावर विश्वास कधीपासनं?"

"मंग तूच सांग की!"

आणि ती सांगू लागली. ऊन पडलं की पाण्याची वाफ बनती. आई भात शिजवती तवा झाकणाला आतनं थेंब धरत्यात ना, तसंच वर ढगाला व्हतंय. बोलता बोलता ती हात उंच नेत होती, खाली आणत होती. किसन मधेच अडवायचा, भलतंच काहीतरी बोलायचा, मग तिला ते मोडून पुन्हा सांगावं लागायचं.

"मंग समद्राचं पाणी खारं, आन् पावसाचं ग्वाड कसं?" त्यानं विचारलं.

"मीठ खालीच ऱ्हातंय, आबा. नुसती वाफ वर जाती."

किसननं बोटानं जोत्यावर एक रेघ खाली, एक वर ओढली. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी मीठ मागं ऱ्हातं! अगं, कळलं की मला!"

आपण बोललो आणि समोरच्याला कळलं, हे चंद्रकलेला जागेपणी पहिल्यांदाच दिसत होतं. बापलेक तिथंच भाकरी खाऊन, उन्हं उतरल्यावर परत निघाले.

जूनमध्ये ती पुन्हा त्याच वर्गासमोर उभी राहिली. पोरं आता चौथीत गेली होती. मागं ढमाले सर होते, आणि आज मोठ्या बाईही. चंद्रकलेनं टाचण टेबलावर पालथं ठेवलं. तेवढ्यात मागच्या वेळी बाकावर डोकं ठेवून हसलेली पोरगी उठून उभी राहिली.

"बाई, परत तसं बोला की. आमच्यावानी."

चंद्रकला तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे ते हसणं वेगळंच होतं तर! वर्षभर आपण कशाला भ्यालो?

"बोलते," ती म्हणाली. "पण मग तुम्हाला पुस्तकासारखं बोलावं लागेल. मी म्हणते, ही नदी हाय. पुस्तक काय म्हणतं?"

"ही नदी आहे!" वर्ग ओरडला.

"मी म्हणते, पाणी वर जातंय."

"पाणी वर जाते!"

खेळच झाला. ती घरचं वाक्य टाकायची, पोरं पुस्तकातलं झेलायची, मग उलट. झाकणावरचे थेंब आले, मीठ आलं. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

बाहेर व्हरांड्यात ढमाले सर म्हणाले, "हे टाचणात नव्हतं."

"नव्हतं, सर."

"परीक्षेला बाहेरून कुणी येईल. त्याला हे रुचेलच असं नाही. तुला नुसतं शुद्धही बोलता आलं पाहिजे."

"येईल, सर. आता येईल."

सर थोडं घुटमळले. "समुद्राचं मी कधी असं सांगितलं नव्हतं," असं काहीतरी पुटपुटत ते पुढच्या वर्गाकडे गेले. मोठ्या बाईंनी जाता जाता तिच्या खांद्यावर सांडलेली खडूची पूड झटकली.

दुसरं वर्ष तिनं पुरं केलं. अनुसयाचं लग्न मध्येच झालं, तरी ती आठवड्यानं सासरहून परत येऊन परीक्षेला बसली. दोघी पास झाल्या.

चंद्रकलेला पहिली शाळा मिळाली ती जांबे गावची. पहिल्या दिवशी ती पोचली तर वर्गात एकही पोर नव्हतं. सगळी आवणीला, भात लावायला, गेली होती. ती थोडा वेळ रिकाम्या खोलीत बसली, मग कुलूप लावून शेताकडे निघाली. भाताच्या खाचरांवर ढग इतके खाली उतरले होते की वाकलेली माणसं त्यांतच रोपं लावतायत असं वाटत होतं. तिनं चपला बांधावर काढल्या, पदर खोचला आणि चिखलात उतरून एका म्हातारीशेजारी लावू लागली. आजूबाजूच्या पोरांना एकेक करून नाव विचारू लागली.

"बाई, तुमाला तर लावाय येतंय की!" म्हातारी म्हणाली.

"येतंय ना. ह्या खाचराचं उरकू आपण. मग उद्या ह्यांना माझ्याकडं धाडा."

म्हातारीनं कंबर सरळ केली, पोरांकडे पाहिलं, आणि मुठीतली अर्धी रोपं तिच्या हातात दिली.